थाळनेर ते बग्राम : परक्या फौजेचा तळ कशावर उभा राहतो?

मुंबई–आग्रा रस्ता धुळ्यातून निघाला की सोनगीर, नरडाणा असे टप्पे घेत तापीवर येतो, नदी ओलांडून शिरपूर गाठतो आणि पुढे सातपुड्यातल्या सेंधव्याच्या घाटात शिरतो. दख्खन आणि उत्तर हिंदुस्थान यांना जोडणारी ही फार जुनी वाट. नरडाण्याच्या परिसरातून तापीपलीकडे पूर्वेला गेले की थाळनेर लागते. खानदेशच्या फारुकी सुलतानांची ही पहिली राजधानी. त्यांच्या कबरी आजही तिथे आहेत आणि नदीच्या काठावर किल्ल्याचे अवशेष आहेत. परक्या देशात फौजेचा तळ कसा रुजतो, कोणाच्या पैशावर जगतो आणि कशामुळे उठतो, हे समजून घ्यायला अफगाणिस्तानातल्या बग्राम किंवा कंदाहारपासून सुरुवात करण्याची गरज नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या तापीकाठावर हे सगळे घडून गेलेले आहे.

१८०२ साली यशवंतराव होळकरांच्या फौजा खानदेशातून गेल्या आणि जाताना मुलूख उजाड करत गेल्या. पुढच्याच वर्षी पाऊस हुकला. लढाई आणि दुष्काळ एकाच वेळी आले तेव्हा उभ्या पिकांची गावे ओस पडली, माणसे गुजरातकडे आणि मिळेल तिकडे निघून गेली. त्यानंतर पेंढारी आले. गावच्या राखणीचे आणि घाटांच्या बंदोबस्ताचे पिढीजात हक्क असलेल्या भिल्लांना ते हक्क देणारेच कोणी उरले नाही, तेव्हा त्यांच्या टोळ्या डोंगरात गेल्या. सत्ता नावाला पेशव्यांची, होळकरांची, शिंद्यांची होती. परगणे एकमेकांत गुंतलेले होते आणि वसूल करायला येणारे हात अनेक होते. ज्याला आज आपण युद्धग्रस्त देश म्हणतो, तो तेव्हाचा खानदेश होता.

या काळात खानदेशच्या किल्ल्यांवर बसले होते ते अरब. मराठी सरदारांनी भाडोत्री शिपाई म्हणून त्यांना ठेवले होते. त्यातले बरेचसे दक्षिण अरबस्तानातल्या हद्रमौत भागातून समुद्रमार्गे आलेले. तटबंदीच्या आडून लढण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते, त्यामुळे त्यांचा पगार इतर शिपायांपेक्षा चढा असे. पण चढा पगार कबूल करणे वेगळे आणि तो महिन्याच्या महिन्याला देणे वेगळे. उजाड मुलखातून वसूल येत नव्हता, म्हणून शिबंदीचा पगार थकत गेला. थकलेल्या पगारापोटी अरब जमादार किल्ला सोडायला तयार नसत. काही ठिकाणी तर त्यांनीच सरदारांना कर्ज दिले आणि मग वसुलीचे हक्क आपल्याकडे घेतले. किल्ला राखायला ठेवलेला शिपाई अशा रीतीने किल्ल्याचा धनको झाला. मालेगाव, अमळनेर, थाळनेर ही त्यांची ठाणी होती.

परक्या तळाचा हा पहिला प्रकार मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण इतिहासाच्या पुस्तकांत तो बहुधा एका ओळीत उरकला जातो. या अरबांमागे कुठलाही देश नव्हता, कुठला बादशहा त्यांना हुकूम पाठवत नव्हता. तरीही त्यांचे तळ उठवणे स्थानिक सत्तेला जमले नाही, कारण ते उठवायचे तर आधी थकबाकी चुकती करावी लागली असती.

दुसरा प्रकार शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे: तैनाती फौज. दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह केला. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची किमान सहा हजारांची पायदळ फौज तोफखान्यासह कायमची आपल्या मुलखात ठेवून घ्यायची आणि तिच्या खर्चासाठी वार्षिक २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख कंपनीला तोडून द्यायचा, असे त्यात ठरले. पेशव्यांनी इतर सत्तांशी परस्पर बोलणी करायची नाहीत, असेही बंधन आले. पुण्याच्या या तैनाती फौजेची मोठी छावणी घोडनदीकाठी शिरूरला पडली. निजामाच्या तैनाती फौजेची एक छावणी जालन्याला होती. त्याने तर १८०० सालीच बळ्ळारी, अनंतपूर, कडप्पा हे जिल्हे फौजेच्या खर्चापोटी कंपनीच्या हवाली केले होते.

या व्यवस्थेतला डाव पगाराच्या सोयीत होता. रोख पैसा घ्यायचा तर तो अरबांसारखा थकला असता. कंपनीने मुलूखच मागून घेतला. त्यामुळे तळावरच्या शिपायाचा पगार यजमानाच्या मर्जीवर किंवा पावसावर अवलंबून राहिला नाही, आणि एकदा दिलेला मुलूख परत मागायची ताकद यजमानात उरली नाही, कारण मागायला लागणारी फौजही कंपनीचीच होती. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला पेशव्यांची फौज कंपनीवर चालून गेली तेव्हा पंधरा वर्षे त्यांच्याच मुलखाच्या उत्पन्नावर पोसलेल्या पलटणी इंग्रजांच्या बाजूने लढणार होत्या.

त्याच वर्षी डिसेंबरात, २१ तारखेला, महिदपूरला होळकरांचा पराभव झाला. कंपनीच्या फौजेचा सेनापती होता सर थॉमस हिस्लॉप. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरला तह झाला आणि अल्पवयीन मल्हारराव होळकरांच्या नावाने सातपुड्याच्या दक्षिणेचा सगळा होळकरी मुलूख कंपनीकडे गेला. म्हणजे कागदावर थाळनेर त्या दिवशी इंग्रजांचे झाले. थाळनेरच्या तटावर उभ्या असलेल्या माणसांना हे कोणी, कधी आणि कसे सांगितले, यावर पुढचे सारे अवलंबून होते.

हिस्लॉप सेंधव्याचा घाट उतरून २७ फेब्रुवारीला थाळनेरसमोर आला. किल्लेदार तुळशीराम मामा. हिस्लॉपने निरोप पाठवला की तुमच्या धन्याने किल्ला आम्हाला दिला आहे, रिकामा करा. नाही केलात तर बंडखोर समजू. किल्ल्यातून उत्तर आले ते गोळीबाराचे. तोफा लागल्या, बाहेरचे दरवाजे एकामागून एक पडले आणि मग तुळशीराम मामा स्वतः बाहेर येऊन इंग्रजांच्या स्वाधीन झाला. शेवटचा दरवाजा मात्र आतल्या अरब शिबंदीने लावून धरला होता. दिंडी उघडली, काही अधिकारी आणि शिपाई आत गेले. बाहेरच्यांना वाटले की शरणागती झाली आहे. आतल्यांना अजून कसलेच वचन मिळालेले नव्हते. एकमेकांची भाषा धड न समजणाऱ्या, हातात हत्यारे असलेल्या माणसांची ती गर्दी होती. आत गेलेल्यांवर तलवारी चालल्या. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅग्रेगर मारले गेले. त्यानंतर बाहेरची फौज आत घुसली आणि किल्ल्यातली सुमारे अडीचशे माणसे कापून काढली. तुळशीराम मामाला त्याच दिवशी बुरुजावर फाशी दिली गेली.

किल्लेदार तर दिंडीतल्या मारामारीच्या वेळी इंग्रजांच्या ताब्यात होता. त्याचा गुन्हा एवढाच की कालपर्यंत आपल्या धन्याचा असलेला किल्ला त्याने पहिल्या निरोपाला सोडला नाही. मग फाशी कशासाठी, हा प्रश्न खुद्द लंडनमध्येही विचारला गेला. १८१९ साली ब्रिटिश संसदेत या मोहिमेबद्दल आभाराचा ठराव आला तेव्हा थाळनेरच्या फाशीवरून टीका झाली आणि हिस्लॉपच्या त्या कृत्याला संमती न देता, त्यावरचे मत राखून ठेवूनच त्याचे आभार मानले गेले. चौकशीची धाव तिथेच थांबली. तुळशीराम मामाच्या बाजूने खानदेशात दाद मागता येईल अशी जागाच नव्हती. तळावरच्या शिपायाचा न्याय त्याच्या स्वतःच्या देशात होतो, झालाच तर.

ही गोष्ट जुनी झालेली नाही. ११ मार्च २०१२ रोजी कंदाहार प्रांतातल्या पंजवाई भागात एका अमेरिकन सैनिकाने रात्री तळावरून बाहेर पडून १६ गावकरी मारले. त्यांत बरीच लहान मुले होती. त्याला अफगाणिस्तानातून हलवण्यात आले, खटला अमेरिकेत लष्करी न्यायालयात चालला आणि २०१३ साली जन्मठेप झाली. शिक्षा झाली हे खरे, पण अफगाण न्यायालयाला त्यात स्थान नव्हते. परक्या तळांच्या करारात हे कलम सर्वांत कळीचे असते. इराकमध्ये २०११ साली अमेरिकन फौज मुक्काम वाढवायला राजी होती, पण सैनिकांना इराकी कायद्यापासून संरक्षण द्यायला इराकची संसद तयार झाली नाही आणि डिसेंबरात फौज निघून गेली. अफगाणिस्तानने ३० सप्टेंबर २०१४ च्या करारात ते संरक्षण दिले, म्हणून तिथले तळ राहिले.

पुन्हा १८१८ कडे वळू. थाळनेरनंतर मालेगाव. मोसम नदीकाठचा हा भुईकोट नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलेला, आत अरब. कर्नल मॅकडॉवेलने मेच्या मध्याला वेढा घातला. मेअखेरीस तटाला पाडलेल्या खिंडारातून केलेला हल्ला साफ फसला. नवी कुमक आणि मोठ्या तोफा आल्या, जूनमध्ये किल्ल्यातले दारूचे कोठार उडाले आणि तेव्हा कुठे अरबांनी बोलणी सुरू केली. थाळनेरची आठवण ताजी होती. जिवाची हमी घेतल्याशिवाय त्यांनी दार उघडले नाही. त्यांना सुरतमार्गे त्यांच्या देशी परत पाठवण्यात आले. ज्या भाडोत्री फौजेला कुठल्याही मराठी सरदाराला पगार चुकता करून निरोप देता आला नव्हता, तिला कंपनीने जहाजात बसवले.

मग कंपनीने स्वतःचा तळ टाकला, आणि तो कुठे टाकला हे नकाशात पाहण्यासारखे आहे. मालेगावला छावणी पडली. शहराचा तो भाग आजही मालेगाव कॅम्प म्हणूनच ओळखला जातो. जॉन माल्कमने त्याच १८१८ साली माळव्यात महूची छावणी वसवली. मालेगाव आणि महू ही दोन्ही ठिकाणे एकाच आग्रा रस्त्यावर आहेत आणि मधल्या भागात धुळे, नरडाणा, शिरपूर, सेंधवा येतात. कॅप्टन जॉन ब्रिग्ज खानदेशचा कारभार पाहायला आला तेव्हा त्यानेही मुख्य ठाण्यासाठी धुळेच निवडले, कारण ते जिल्ह्याच्या मध्यावर आणि याच वाटेवर होते. धुळ्याच्या मुख्य बाजारपेठेला आजही आग्रा रोडच म्हणतात. (याच ब्रिग्जने पुढे फरिश्त्याच्या फारसी इतिहासाचे इंग्रजी भाषांतर केले. थाळनेरला ज्यांच्या कबरी आहेत त्या फारुकींची हकिकत इंग्रजी वाचकांपर्यंत त्याच्यामुळे पोचली. राज्य उलथवणारा आणि त्याच मुलखाचा इतिहास जपणारा माणूस एकच, हे त्या पिढीच्या इंग्रजांत अनेकदा दिसते.)

महूच्या छावणीचा आणखी एक धागा मराठी माणसाला माहीत आहेच. सुभेदार रामजी सकपाळ तिथे नोकरीस होते आणि १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म त्याच छावणीत झाला. तळ बसला की त्याच्याभोवती नुसते शिपाई राहत नाहीत. कुटुंबे येतात, बाजार येतो, शाळा येते. कंपनीच्या फौजेतल्या नोकरीने कोकणातल्या महार घराण्यांना जे शिक्षण आणि जो नियमित पगार दिला तो गावगाड्याने दिला नव्हता. परक्या तळाचा हिशेब मांडताना हे लपवून चालणार नाही.

भिल्लांचा प्रश्न कंपनीला पलटणींनी सोडवता आला नाही. डोंगरात टोळ्यांचा पाठलाग करून शिपाई तापाने मेले, टोळ्या हाती लागल्या नाहीत. १८२५ मध्ये धोरण बदलले. जेम्स औट्रम नावाच्या तरुण अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभी करायला घेतली. तो भिल्लांबरोबर वाघाच्या शिकारीला जायचा, त्यांच्यात बसून जेवायचा. पण मुख्य गोष्ट म्हणजे पगार ठरलेल्या दिवशी मिळायचा. लोक भरती झाले. स्थानिकांची फौज उभारून तिच्याकडून मुलूख राखायचा हा तिसरा मार्ग, आणि सगळ्यांत स्वस्त.

तो किती पक्का होता? सेंधव्याच्या घाटात रस्त्याच्या राखणीवर इंग्रजांनी नेमलेला खाज्या नाईक १८५७ मध्ये त्यांच्याविरुद्ध उभा राहिला. त्याच रस्त्यावरून जाणारा सरकारी खजिना त्याने लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात अंबापाणीला भिल्लांची आणि कंपनीच्या फौजेची मोठी लढाई झाली. वाट राखणारा फिरला की दोन छावण्यांमधला सगळा मुलूख हातातून निसटतो, हे त्या वर्षी दिसले.

विसाव्या शतकात या गणितात धावपट्टी आली. विमानामुळे वाटेतल्या घाटांची आणि वाटाड्यांची गरज संपेल असे वाटले होते. ब्रिटिशांनी इराकमध्ये हेच केले: १९३० च्या तहाने इराकला स्वातंत्र्य द्यायचे, पण हब्बानिया आणि शैबा हे दोन हवाई तळ आपल्याकडे ठेवायचे. ते तळ १९५५ पर्यंत राहिले. शैबाच्या मातीशी आपलेही नाते आहे. तिथे धावपट्टी व्हायच्या आधी, एप्रिल १९१५ मध्ये, तुर्कांशी मोठी लढाई झाली ती पुणे डिव्हिजनने लढली आणि तिच्यात ११७वी मराठा पलटण होती. तीच डिव्हिजन पुढे कूत-अल-अमाराला वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपाशीपोटी शरण गेली. नदीवाटेची रसद तुटली होती.

कंदाहारचा विमानतळ भारतीयांना १९९९ च्या डिसेंबरपासून विसरता येत नाही. अपहरण केलेले इंडियन एअरलाइन्सचे विमान तिथेच उभे होते. तो विमानतळ बांधला अमेरिकनांनी, साठच्या दशकाच्या सुरुवातीला. पंख्याच्या विमानांना मध्ये इंधन भरायला थांबावे लागे, म्हणून ही जागा निवडली होती. बांधून होईपर्यंत लांब पल्ल्याची जेट विमाने आली आणि थांबा अनावश्यक ठरला. पुढे तो सोव्हिएत फौजेला, तालिबानला आणि २००१ नंतर पुन्हा अमेरिकनांना उपयोगी पडला. काबूलच्या उत्तरेचे बग्राम उलट बाजूचे. ते सोव्हिएत मदतीने पन्नासच्या दशकात झाले आणि १९५९ च्या डिसेंबरात तिथे उतरले अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर. वीस वर्षांनी, १९७९ च्या डिसेंबरात, सोव्हिएत सैन्य तिथेच उतरले. दोन महासत्तांनी शांततेच्या काळात मदत म्हणून दिलेल्या धावपट्ट्या युद्धाच्या काळात परक्या तळांची जागा झाल्या. तीन-साडेतीन किलोमीटर सपाट, भक्कम काँक्रीट एकदा पडले की ते कोणाचेही विमान उतरवून घेते.

आणि तरी रस्ता सुटला नाही. विमानाने माणसे, दारूगोळा, औषधे येतात. हजारो माणसांच्या तळाला लागणारे इंधन, पाणी, सिमेंट आणि अन्न सगळेच विमानातून आणणे कोणालाच परवडत नाही. अफगाणिस्तानातल्या फौजांचे बरेचसे सामान कराचीच्या बंदरात उतरून ट्रकांनी तोरखम आणि चमनच्या वाटेने जात असे. २६ नोव्हेंबर २०११ रोजी सलाला इथे अमेरिकन हल्ल्यात २४ पाकिस्तानी सैनिक मारले गेले आणि पाकिस्तानने दोन्ही वाटा बंद केल्या. त्या जुलै २०१२ मध्ये उघडल्या. तोवर बराचसा माल रशिया आणि मध्य आशियातून लांबच्या आणि फार महागड्या मार्गाने न्यावा लागला. खाज्या नाईकाच्या घाटाशी याचे नाते मला स्पष्ट दिसते. भारताने अफगाणिस्तानात तळ बांधला नाही, पण इराणच्या सरहद्दीकडे जाणारा झरंज–देलाराम हा सुमारे २१८ किलोमीटरचा रस्ता बांधून २००९ मध्ये अफगाण सरकारच्या स्वाधीन केला. पाकिस्तानला वळसा घालणारी वाट अफगाणांना मिळाली, हे त्याचे मोल.

पगाराचे काय झाले, ते बग्रामला कळले. अमेरिकनांनी कंपनीप्रमाणे मुलूख तोडून घेतला नव्हता. तळाचा सगळा खर्च अमेरिकेच्या खजिन्यातून येत होता, अफगाण सैन्याचा पगारही बहुतांशी बाहेरूनच. त्या सैन्यात कागदावर असलेले आणि प्रत्यक्षात नसलेले शिपाई किती, याबद्दल अमेरिकेचेच तपासनीस वर्षानुवर्षे इशारे देत होते. अफगाण हवाई दलाची विमाने आणि हेलिकॉप्टरे परदेशी ठेकेदारांचे तंत्रज्ञ दुरुस्त करत. जुलै २०२१ च्या पहिल्या-दुसऱ्या तारखेच्या रात्री अमेरिकनांनी बग्राम सोडले. दिवे गेले, नव्या अफगाण अधिकाऱ्यांना अमेरिकन गेल्यावर कळले आणि त्यांचे सैनिक पोचण्याआधी लुटारू आत शिरले होते. ठेकेदार गेले तसे विमानांचे उड्डाण मंदावले, डोंगरातल्या ठाण्यांना रसद पोचेना आणि १५ ऑगस्टला तालिबान काबुलात होते.

धरणगावच्या भिल्ल पलटणीचा पगार खानदेशच्या शेतसाऱ्यातून निघत होता. कंपनी तेव्हा कुठे जाणारच नव्हती, ती मालक होऊन बसली होती. अफगाण सैन्याचा पगार परक्या मतदाराच्या सहनशक्तीवर अवलंबून होता. पहिली व्यवस्था टिकली आणि तिने स्वातंत्र्य गिळले. दुसरी लवकर उठली आणि मागे पोकळी ठेवून गेली. यजमान देशाच्या दृष्टीने दोन्हींत बरे काय, याचे उत्तर मला देता येत नाही. पण कराराच्या कागदावर सही करण्याआधी पगाराचे कलम वाचायला हवे, एवढे थाळनेर आणि बग्राम दोन्हीकडून निघते.

आपणही एकदा परकी फौज होतो, हे इथे सांगितले पाहिजे. २९ जुलै १९८७ च्या करारानंतर भारतीय शांतिसेना श्रीलंकेत उतरली. जाफना द्वीपकल्पातली पलाली धावपट्टी हा तिचा आधार. मराठा लाइट इन्फंट्री आणि महार रेजिमेंटचे जवान जाफन्याच्या गल्ल्यांत लढले. तमिळांच्या रक्षणासाठी गेलेल्या फौजेला तमिळ वाघांशीच लढावे लागले. सुमारे १,२०० भारतीय जवान तिथे कामी आले. पुढे सत्तेवर आलेल्या प्रेमदासा सरकारने परत जायला सांगितले आणि मार्च १९९० मध्ये शेवटचे जवान निघाले. बोलावणारे सरकार बदलले की निमंत्रणही बदलते.

बग्रामची कथा अजून संपलेली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी हा तळ परत हवा असल्याचे जाहीर केले. तालिबानने नकार दिला आणि अमेरिकेने त्यांच्याशी फौज काढून घेण्यासाठी केलेल्या फेब्रुवारी २०२० च्या दोहा कराराकडे बोट दाखवले. ऑक्टोबरात मॉस्कोत भरलेल्या बैठकीत रशिया, चीन, इराण, पाकिस्तान यांच्या बरोबरीने भारतानेही अफगाणिस्तानात परक्या लष्करी सुविधा उभारण्याला विरोध नोंदवला. काश्मीरपासून व्यापारापर्यंत ज्यांचे एकमेकांशी पटत नाही अशा देशांचे या एका बाबतीत एकमत झाले. त्या धावपट्टीपर्यंत जमिनीवरून पोचणाऱ्या बहुतेक वाटा आज याच देशांतून किंवा त्यांच्या प्रभावातल्या मुलखातून जातात.